घरात लॅब्रॅडॉर आणि दोन मांजरं, व्हॅक्यूम क्लीनर कुठला घ्यायचा?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. टिळकवाडीत घर, एक लॅब्रॅडॉर, दोन मांजरं आणि त्यातलं एक पर्शियन, खाली व्हिट्रिफाईड टाईल्स, हॉलमध्ये जमखाना, कापडी सोफा, सासूबाईंना दमा, बजेट १५ हजार. दुकानदार २००० वॅटचा वेट अँड ड्राय (ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा) घ्या म्हणतोय, मुलगा रोबोट घ्या म्हणतोय, आणि लॅब मिक्सरच्या आवाजाला पण पळून जातोय. मी बेळगावात घरगुती मशीन रिपेरीचं काम करतो, मिक्सर, वॉशिंग मशीन, व्हॅक्यूम सगळंच, त्यामुळं कुठलं मशीन टेबलावर काय होऊन येतंय ते रोज बघतोय आणि त्यावरनंच सांगायलोय. जरा लांब होणार, पण तुमच्या घरात दम्याचं माणूस आहे म्हणून काही सोडत नाही.

पहिली गोष्ट ध्यानात घ्या की केस उचलायला लई ताकद लागत नाही. टाईल्सवर पडलेला कुत्र्याचा केस पाच हजाराचं मशीन पण उचलतंय. अवघड काम त्याच्या पुढचं, तो केस परत मशीनमधनं बाहेर काढायचं. जनावर असलेल्या घरातनं जेवढी व्हॅक्यूम माझ्याकडं येतात त्यातली बरीच मोटर जळून येत नाहीत, ती तुंबून येतात, आणि तुंबलेलं तसंच चालवत राहिलं की मग मोटर जळते. त्यामुळं दुकानात मशीन चालू करून कागदाचे कपटे ओढून दाखवतात ते बघत बसू नका. आपल्याकडं ही डेमोची सवय जुनी आहे, युरेका फोर्ब्स १९८२ पासून घरोघरी फिरून गादीतली धूळ ओढून दाखवायची, बघणारा गार व्हायचा, आणि आजपण लोक तेवढंच बघून पैसे देतात. तुम्ही काउंटरवर मशीन उघडायला लावा आणि स्वतःच्या हातानं उघडा. डबा कसा निघतोय, फिल्टर कुठं बसलाय, होज पाईप दोन्ही टोकांनी सुटतोय काय, ब्रशचा रोलर हातानं निघतोय का त्याला स्क्रू ड्रायव्हर लागतोय. एकदा काढा, परत बसवा. दुकानात जमलं नाही तर घरी कोण करणार नाही, आणि लॅब असलेल्या घरात हे काम आठवड्याला करावंच लागतंय.

रोलरचं जरा नीट सांगतो कारण सगळ्यात जास्त बिघाड तिथंच. रोलरच्या मधे गुंडाळलेला केस दिसतोय, तो लोक कात्रीनं काढतात आणि झालं म्हणतात. खरा त्रास टोकाला असतो. दोन्ही टोकांना प्लास्टिकची टोपी असते, तिच्या आत छोटं बेअरिंग नाहीतर नुसती बुश. केस फिरत फिरत हळूहळू टोकाकडं सरकतोय, टोपीच्या फटीतनं आत शिरतोय, आणि तिथं दाबून दाबून नमद्यासारखी घट्ट चकती तयार होते, काळी, तेलकट, चिमट्यानं ओढली तर अख्खी बाहेर येते. तोपर्यंत रोलर जड झालेला असतो, बेल्ट घासायला लागलेला असतो, टोक तापून प्लास्टिक मऊ पडतंय आणि टोपी जाग्यावरच चिकटते. मग गिऱ्हाईक येऊन म्हणतं सक्शन गेलं ओ. सक्शन ठीकच असतंय, रोलर फिरत नसतोय. म्हणून घेताना ही टोपी हातानं निघते काय ते बघा. आणि केस काढताना आडवं ओढायचं नाही, टेलर लोक शिवण उसवायला जे टोकदार कटर वापरतात ते आणून रोलरच्या लांबीनं एक उभी चीर मारायची आणि मग सगळं एका बाजूनं सोलून काढायचं.

आता तुमच्याकडं दोन जातीचे केस आहेत आणि दोघांचा त्रास वेगळा. पर्शियनचा केस लांब आणि मऊ, तो गुंडाळतोय (तुमचा स्वतःचा लांब केस पण त्यातच आला). लॅबचा केस आखूड आणि ताठ, तो गुंडाळत नाही, तो टोचून बसतोय, जमखान्याच्या विणीत, सोफ्याच्या कापडात, गाडीच्या सीटमध्ये, आणि मशीनच्या स्पंजच्या फिल्टरमध्येसुद्धा. कंपन्या अँटी टँगल म्हणून जे विकतात ते पहिल्या त्रासावर आहे, शंकूच्या आकाराचा रोलर केसाला एका टोकाकडं ढकलून आत सोडतोय, काहींच्यात ब्रिसलच्या जागी रबराची पाती असतात, काहींच्यात आत कंगवा असतो. ही सोय खरी आहे, पैसे देण्यासारखी आहे. पण लॅबच्या टोचलेल्या केसाला तिचा उपयोग कमी, त्याला घासून उपटणारा फिरता छोटा ब्रश लागतोय, ते खाली सोफ्याच्या ठिकाणी सांगतो.

वॅटचं. वॅट म्हणजे मशीन वीज किती खातंय, ओढतंय किती त्याचा तो आकडा न्हवं. युरोपात २०१७ च्या सप्टेंबरपासून घरगुती व्हॅक्यूमला ९०० वॅटची मर्यादा आहे आणि तिथली घरं पण स्वच्छ होतातच की, कुत्री-मांजरं तिथंपण आहेत आणि वर खाली सगळा कार्पेट. मोटर, पंखा आणि हवेची वाट नीट असली की ९०० वॅट पुरतात. दुसरा आकडा दाखवतात किलोपास्कलचा. तो मोजतात तोंड पूर्ण बंद करून, म्हणजे त्यावेळी हवा वाहतच नसते. १ किलोपास्कल म्हणजे अंदाजे १० सेंटीमीटर उंच पाणी वर ओढायची ताकद. चांगल्या वायरवाल्या मशीनला १८ ते २२ किलोपास्कल असतंय आणि घरासाठी ते भरपूर झालं. पण केस वाहून नेतंय ते वाऱ्याचा झोत, म्हणून जिथं आकडा दिलेला असेल तिथं एअर वॅट बघा, त्यात ओढ आणि झोत दोन्ही धरलेलं असतंय. आणि रोबोटच्या खोक्यावर ५००० असा मोठा आकडा छापतात तो साधा पास्कल असतोय, म्हणजे ५ किलोपास्कल, वायरवाल्याच्या चौथाईच्या आसपास. मुलाला हे सांगा.

२००० वॅटला अजून एक अडचण आहे. २३० व्होल्टला २००० वॅट म्हणजे पावणेनऊ अँपिअरच्या घरात जातंय. आपल्या घरातला साधा पॉइंट ६ अँपिअरचा. म्हणजे फ्रिजच्या नाहीतर गिझरच्या मोठ्या पॉवर पॉइंटवरच लावायचं, आणि तुमच्या हॉलमध्ये तसा पॉइंट आहे काय ते आधी बघा. बेळगावातल्या जुन्या घरात बहुतेक नसतोय, मग लोक एक्स्टेन्शन बोर्ड लावतात, पातळ वायरचा, गुंडाळी तशीच ठेवून, आणि ती गुंडाळी आतल्या आत तापते. प्लगची पिन काळी पडून आलेली मशीन मी सारखी बघतोय. एक्स्टेन्शन लावायचंच असलं तर जाड वायरचं, १६ अँपिअरचं, पूर्ण उलगडून, आणि अर्थिंग चालू असलेलं. १००० ते १२०० वॅटचं मशीन साध्या पॉइंटवर बसतंय, पाच-सव्वापाच अँपिअरच्या आत. आणि हेस्कॉमची लाईट गेली तर यातलं कुठलंच घरच्या साध्या इन्व्हर्टरवर लावू नका, इन्व्हर्टर ट्रिप होणार.

मोटर दोन पद्धतीची असते हे दुकानात कोण सांगत नाही, पण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे. साध्या ड्राय मशीनमध्ये जी हवा ओढली जाते तीच मोटरवरनं जाऊन मोटरला गार करते. फिल्टर तुंबला की हवा बंद, हवा बंद की मोटरचं गार होणं बंद. त्यावेळी आवाज बदलतोय, खाली जात नाही तर उलट बारीक आणि चिरका होतोय, कारण पंख्याला हवेचा भार नाही म्हणून मोटर जास्त जोरात फिरायला लागते. हा चिरका आवाज आला की लगेच बंद करा, पाईप आणि फिल्टर बघा. चांगल्या मशीनमध्ये थर्मल कटऑफ असतोय, तो मशीन आपोआप बंद पाडतोय, अर्ध्या-पाऊण तासानं गार झालं की परत चालू होतंय. लोकांना वाटतंय बिघडलं, पण ते मशीन स्वतःला वाचवत असतंय. वेट अँड ड्रायमध्ये मोटरला गार करायला वेगळा पंखा आणि वेगळी हवा असते, म्हणून त्यात पाणी ओढलं तरी मोटरला लागत नाही. साध्या ड्राय मशीननं कुत्र्याची शू ओढली की ती सरळ मोटरवरनं जाते, बेअरिंग गंजतंय, आणि त्याचा जो वास बसतोय तो जातच नाही. मांजरीची उलटी, सांडलेलं दूध, ओला चिखल, सगळ्याला हेच.

म्हणून तुमचा दुकानदार वेट अँड ड्राय म्हणतोय ते चूक नाही, वॅट तेवढे नकोत. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर आपल्याकडं कुत्रं बाहेर जाऊन आलं की तांबडी माती घरभर, ती फरशीवर ओली असताना पुसली तर पसरते, वेट अँड ड्रायनं ओढली तर एका दमात जाते. फक्त ओलं ओढायच्या आधी आतली कापडी किंवा कागदी बॅग आणि कोरडा फिल्टर काढायचा, ओल्याचा स्पंज फिल्टर वेगळा येतो तो घालायचा, आणि काम झालं की टाकी लगेच धुवायची, सकाळपर्यंत ठेवायची नाही. वेट अँड ड्रायचा तोटा म्हणजे ते अंगानं मोठं, आवाज जास्त, आणि स्वस्तातल्या बऱ्याच मशीनमध्ये मागनं येणारी हवा नीट गाळलेली नसते. तुमच्याकडं दमा आहे तर हा तोटा छोटा न्हवं.

आता सासूबाईंचं. मांजराची ॲलर्जी केसाची नसते. मांजराच्या लाळेत आणि कातडीच्या तेलकट ग्रंथींत फेल डी १ नावाचं प्रोटीन असतंय, मांजर दिवसभर अंग चाटतंय, ते वाळतंय आणि कोंड्याबरोबर हवेत उडतंय. त्यातले काही कण ५ मायक्रॉनपेक्षा लहान असतात (माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास), म्हणून ते लवकर खाली बसत नाहीत, भिंतीला, पडद्याला, कपड्याला चिकटतात, मांजर घरातनं गेलं तरी काही महिने राहतात. कुत्र्याचं प्रोटीन वेगळं पण चाल तशीच. याचा अर्थ असा की व्हॅक्यूमनं केस ओढून घेतला आणि हे बारीक कण मागच्या जाळीतनं परत खोलीत फेकले, तर घर दिसायला स्वच्छ आणि सासूबाईंना मात्र जास्त त्रास. असं होतंय, आणि घरच्यांना कळत नाही की साफसफाईच्या दिवशीच खोकला का वाढतोय.

म्हणून हेपा, म्हणजे असे बारीक कण अडवणारा फिल्टर बघा, पण शब्द नीट वाचा. एच १३ असं लिहिलेलं असलं तर तो फिल्टर पकडायला सगळ्यात अवघड आकाराचे कण ९९.९५ टक्के अडवतोय, अमेरिकन पद्धतीनं ०.३ मायक्रॉनला ९९.९७ टक्के लिहितात. हेपा टाईप, हेपा लाईक असं लिहिलेलं असलं तर त्याला कुठलंही माप लागू नाही. आणि फिल्टर भारी असून भागत नाही, त्याच्या कडेचं रबर नीट बसलेलं पाहिजे, नाहीतर हवा फिल्टरमधनं न जाता बाजूनं जाते. हे ओळखायची माझी रीत सांगतो. मशीन महिनाभर वापरल्यावर फिल्टर काढा आणि त्याच्या मागची, म्हणजे गाळलेली हवा बाहेर पडते ती बाजू बोटानं पुसून बघा. बोट स्वच्छ आलं तर सील चांगलं. कडेनं करड्या धुळीची एक रेघ उमटलेली दिसली तर हवा चोरवाटेनं जातेय, वॉरंटीत आहे तोवर रबर बदलून घ्या.

दुसरं, दम्याच्या घरात मी बॅगवालं मशीन घ्या म्हणतो. बिनबॅगेचं, सायक्लोनवालं, दिसायला छान असतंय, आत सगळं गोल फिरताना दिसतंय, बॅगचा खर्च नाही, पण तो डबा रिकामा करताना कोंड्याचा जो ढग उठतोय तो सरळ नाकात जातोय, आणि लॅबचा केस डब्यात जाळीला अडकून बसला की हात घालून ओढून काढावा लागतोय. बॅग असली की तोंड बंद करून सरळ कचऱ्यात. बॅग स्वतःपण एक फिल्टर आहे, मागच्या हेपावर भार कमी येतोय. खर्च आहे, मान्य, आणि बॅग बेळगावात मिळत राहणार काय हे आधी विचारायला लागतंय. परत परत वापरायची कापडी बॅग काही मशीनला येते, ती झटकली तर परत तोच ढग, त्यामुळं सासूबाईंसाठी टाकून द्यायचीच बॅग चांगली. बिनबॅगेचं घेतलंच तर डबा घराबाहेर, मोठ्या प्लास्टिक पिशवीत अख्खा घालून आतच उघडायचा, आणि हे काम त्यांनी अजिबात करायचं नाही. केर ओढताना खिडक्या उघड्या, सासूबाई दुसऱ्या खोलीत, अन् नंतर अर्धा तास तरी तिकडंच. त्यांच्या झोपायच्या खोलीत मांजरांना सोडू नका, याचा फायदा कुठल्याही मशीनपेक्षा जास्त होतोय. औषध आणि पंप डॉक्टर सांगतील तसं चालूच ठेवायचं, मशीन त्याच्या जागी येत नाही.

पावसाळा आणि फिल्टर, हे खास आपल्याकडचं. पुस्तिकेत लिहिलेलं असतंय की फिल्टर धुवा आणि २४ तास वाळवा. ते कोरड्या हवेचं गणित. आपल्या बेळगाव-खानापुरात जुलैमध्ये कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तिथं स्पंजचा फिल्टर २४ तासांत कुठला वाळतोय. वरनं कोरडा लागतोय, आत दमट असतोय, तो बसवला की धूळ त्याला चिखलासारखी धरते, हवा बंद, वर कुत्र्याचा दमट वास सगळ्या घरात. जुलै-ऑगस्टमध्ये माझ्याकडं येणाऱ्यांत याच तक्रारी जास्त. उपाय सोपा, मशीन घेतानाच जादा फिल्टर घेऊन ठेवा, एक वापरात, एक पंख्याखाली. गॅसजवळ किंवा हेअर ड्रायरनं वाळवू नका, स्पंज चुरतोय आणि घडीचा फिल्टर वाकडा होतोय. आणि घड्या घातलेला हेपा धुवायचा असतोच असं नाही, धुता येतो असं लिहिलेलं असलं तरच धुवा, नाहीतर बाहेर नेऊन हलक्या हातानं झटका आणि वेळेवर बदला.

सोफा आणि जमखाना. तुमचा जमखाना नवलगुंदचा सुती असणार, सपाट विणीचा. त्यावर मोठा ब्रिसलवाला रोलर चालवू नका, कडेचे गोंडे आत ओढले जातात आणि सूत उसवतंय. साधं सपाट तोंड, सक्शन कमी करून, आणि विणीच्या दिशेनं. महिन्यातनं एकदा उलटा घालून खालच्या बाजूनं पण ओढा, बारीक वाळू खाली जाऊन बसते. सोफ्याला मात्र छोटा फिरता ब्रश पाहिजेच. हा दोन पद्धतीचा येतो, एक वाऱ्यावर फिरणारा, त्याला टर्बो ब्रश म्हणतात, आणि दुसरा स्वतःची मोटर असलेला. वाऱ्यावरचा स्वस्त, पण हातानं जरा दाबला की थांबतोय, त्यामुळं त्याला हलकं धरून छोटे छोटे हात मारायचे. मोटरवाला दाबला तरी फिरतोय, पण तो बहुतेक महागाच्या स्टिक मशीनबरोबर येतोय. आणि एक बिनखर्चाची गोष्ट, व्हॅक्यूमच्या आधी रबराचा हातमोजा किंचित ओला करून सोफ्यावरनं एकाच दिशेला हात फिरवा, लॅबचा केस वळी होऊन गोळा होतोय, मग मशीनला फक्त बारीक धूळ उरते. टाईल्सवर पण तेच, रोजचा केर रबराच्या दातांच्या झाडूनं नाहीतर कोरड्या मायक्रोफायबर मॉपनं काढा. केरसुणीनं केस पुढं पळतोय आणि कोंडा उडतोय. ताठ ब्रिसलचा फिरता रोलरसुद्धा टाईल्सवर केस मागं उडवतोय, टाईल्सला मऊ कापडी रोलर किंवा नुसतं सपाट तोंड चांगलं.

आणि कुत्र्याला बाहेर अंगणात नाहीतर गच्चीवर रोज दहा मिनिटं विंचरा. लॅबला दोन थराची लव असते, आतली मऊ लव वर्षभर गळते आणि ऋतू बदलताना जास्तच. बाहेर निघालेला केस घरात येत नाही, मशीनचं आयुष्य वाढतंय. लव कमी करायची म्हणून लॅबचं अंग भादरू नका, ती लव त्याला उन्हापासून पण वाचवते.

रोबोट. तुमच्या टाईल्सच्या घरात रोबोट काम करतोय, हे आधी सांगतो. रोज खाट-कपाटाखाली जाऊन केस गोळा करणं हे त्याचं काम आणि ते तो माणसापेक्षा नियमानं करतोय. पण तो २ सेंटीमीटरच्या आसपास उंचीचाच उंबरठा चढतोय. आपल्याकडच्या जुन्या घरात लाकडी नाहीतर दगडी उंबरठा असतोय, तिथं तो अडतो, मग एकाच खोलीत फिरत बसतो. घर नवं असलं आणि उंबरठे नसले तर ठीक. जमखान्याचे गोंडे तो गिळतोय, कडा खाली दुमडून ठेवाव्या लागतात. डबा लहान, लॅब असलेल्या घरात एक-दोन खोल्यांतच भरतोय. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जनावरानं घरात घाण केलेली असली आणि रोबोट आपल्या वेळेवर सुटला तर तो ती चाकानं आणि ब्रशनं घरभर सारवतोय, ते साफ करायला अख्खं मशीन खोलायला लागतंय आणि तरी वास राहतोय. समोर कॅमेरा असलेले मॉडेल ते ओळखून टाळायचा प्रयत्न करतात, पण ते तुमच्या बजेटच्या वर. त्यामुळं १५ हजारात एकच मशीन घ्यायचं तर रोबोट न्हवं. पुढं कधी दुसरं म्हणून घ्या.

बिनवायरची स्टिक मशीन हातात हलकी, भिंतीला टांगलेली असते म्हणून रोज वापरली जाते, हा मोठा गुण. पण खोक्यावर ४० मिनिटं लिहिलेली असतात ती सगळ्यात हळू स्पीडवर, ब्रश न लावता. फुल स्पीडवर बरीच मशीन दहा मिनिटांच्या आसपास बंद पडतात. बॅटरी लिथियमची, दोन-चार वर्षांत उतरते, नवीन बॅटरी मिळते काय आणि केवढ्याला हे घेताना विचारा, काही मशीनची बॅटरी आत चिकटवलेली असते ती घेऊच नका. १५ हजाराच्या आतली स्टिक एकट्या मांजराच्या फ्लॅटला पुरते. लॅबला डबा छोटा पडतोय.

काय काय ओढायचं नाही ते सांगतो, कारण मशीन यानंच जातात. मांजराच्या शी-शूच्या वाळूत बहुतेक बेंटोनाईट नावाची माती असते, ओलावा लागला की फुगून चिकटते, कोरडी सांडलेली थोडी वाळू चालते, ओली गोळी ओढली की पाईपच्या वाकणात सिमेंटसारखी बसते. देवघरातला अंगारा, उदबत्तीची राख, रांगोळी, आणि सौंदत्तीहून आणलेला भंडारा सांडला तर तो, हे सगळं इतकं बारीक की फिल्टरच्या घड्या एका दिवसात बुजतात. ते ओल्या कापडानं टिपून घ्या.

गोचीड आणि पिसवा असतील तर व्हॅक्यूमचा खरंच उपयोग होतोय. गोचीड भिंतीच्या फटीत, खाटेच्या सांध्यात, स्कर्टिंगच्या मागं अंडी घालतंय, तिथं अरुंद तोंडाचं नोझल लावून सावकाश ओढा. पिसवांची अंडी जनावराच्या अंगावरनं खाली जमखान्यात पडतात, आणि कोशातली पिसू थरथर जाणवली की बाहेर येते, म्हणजे मशीन फिरवलं की काही नव्या पिसवा दिसतात, घाबरू नका, परत दोन-तीन दिवसांनी ओढा. बॅग किंवा डबा त्याच वेळी घराबाहेर. जनावराचं औषध व्हेटनरी डॉक्टरकडनंच घ्या, मशीननं एकट्यानं गोचीड संपत नाही.

तर तुमच्यासाठी माझं मत. १००० ते १२०० वॅटचं, वायरवालं, बॅग बसणारं, मागं एच १३ फिल्टर आणि रबर सील असलेलं कॅनिस्टर, म्हणजे चाकांवरचा डबा आणि त्याला लांब पाईप असलेलं मशीन, ८ ते ११ हजारात बघा. तीन तोंडं पाहिजेत, सपाट किंवा मऊ फरशीचं, अरुंद फटीचं आणि छोटा टर्बो ब्रश, टर्बो बरोबर नसला तर वेगळा घ्या पण पाईपचं तोंड जुळतंय काय ते लावून बघा, ३२ आणि ३५ मिलीमीटर अशी दोन मापं बाजारात जास्त असतात. उरलेल्या पैशात जादा फिल्टर, बॅगचं एक पाकीट आणि रबराचा झाडू. वेट अँड ड्राय पण पाहिजेच वाटत असेल तर बॅग आणि हेपा दोन्ही लागणारं मिळतंय काय विचारा, मिळालं तर तेच घ्या, जागा जास्त लागेल एवढंच. न मिळाल्यास दमा आधी धरा आणि ओल्यासाठी पोतेरं आहेच. मॉडेलचं नाव मुद्दाम सांगत नाही, ती दर वर्षी बदलतात.

पैसे द्यायच्या आधी दुकानदाराला एवढं विचारा, फिल्टर, होज पाईप, ब्रश रोलर आणि मोटरचा कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारा छोटा तुकडा) वेगळा मिळतोय काय, आणि सर्व्हिसवाला बेळगावातच आहे का मशीन हुबळीला नाहीतर कोल्हापूरला पाठवणार. दोन्हीकडं शंभरेक किलोमीटर, मशीन जाऊन यायला आठवडे लागतात आणि तोवर घरात केसांचा खच. कार्बन ब्रश काय महागाचा पार्ट न्हवं, झिजला की मोटरच्या मागनं ठिणग्या दिसतात आणि जळका वास येतोय, तेव्हाच बदलला तर मोटर वाचते, नाहीतर आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, काळं पडून खराब होतंय. ऑनलाईनची नवी नवी नावं स्वस्त दिसतात, पण त्यांचा साधा रबर सीलसुद्धा नंतर मिळत नाही आणि मलापण कायतरी जुळवून बसवायला लागतंय.

राहिला लॅबच्या भीतीचा प्रश्न. माणसाला २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतंय, कुत्र्याला साधारण ४५ पर्यंत, मांजराला ६० च्या वर, म्हणजे मोटरची जी शिटी आपल्याला ऐकूच येत नाही ती त्यांना येते. त्यामुळं कमी आवाजाचं मशीन घ्या, खोक्यावर ७५ डेसिबलच्या आत असलं तर बरं. आणल्यावर दोन-तीन दिवस मशीन बंदच हॉलमध्ये ठेवा, लॅबला वास घेऊ दे, शेजारी त्याचं खाणं द्या. मग चालू न करता नुसतं ओढत फिरवा. मग दुसऱ्या खोलीत दार लावून थोडा वेळ चालू करा आणि घरातल्या दुसऱ्या कुणीतरी त्याला इकडं खाऊ द्यायचा. आठवडा-पंधरा दिवसांत बहुतेक कुत्री सरावतात. मांजरांना उंच जागा मोकळी ठेवा, ती आपोआप वर जाऊन बसतात. लॅबच्या अंगावर थेट नोझल लावायचा प्रयत्न मात्र कुणी करू नका, एकदा घाबरला की परत मशीनच्या खोलीत यायचा नाही.